धनादेशाची मुदत

कोरेगाव भीमा येथील एखाद्या शेतकऱ्याने कांदा विकला आणि व्यापाऱ्याने त्यास ५ जानेवारी ही तारीख घातलेला धनादेश दिला, असे समजा. मुलीच्या लग्नात उपयोगी पडेल, म्हणून त्याने तो पेटीत जपून ठेवला व मे महिन्यात बँकेत नेला. बँकेने तो न वटविता परत केला. कारण धनादेशाची मुदत त्यावरील तारखेपासून तीनच महिने असते. तो हाती केव्हा पडला, हे बँक पाहत नाही.

पूर्वी ही मुदत सहा महिन्यांची असे. परंतु काही लोक तेवढ्या अवधीत धनादेश रोख पैशाप्रमाणे बाजारात हातोहात फिरवितात, असे रिझर्व्ह बँकेस आढळून आले. तेव्हा तिने १ एप्रिल २०१२ पासून ती निम्म्यावर आणली.

मग त्या शेतकऱ्याचे पैसे बुडाले काय? नाही. धनादेश म्हणजे पैसा नव्हे. अमुक इसमास अमुक रक्कम द्यावी, अशी बँकेस दिलेली ती लेखी आज्ञा होय. आज्ञा शिळी झाली, तरी व्यापाऱ्याचे देणे फिटत नाही. मात्र शेतकऱ्याने आपल्या हाताने तारीख बदलली, तर तो कागद कायद्याने निरर्थक ठरतो. त्याने व्यापाऱ्याकडे नवा धनादेश मागावा, आणि तोही लवकर. कारण अशा येण्यासाठी न्यायालयात दावा लावण्यासही सामान्यतः तीनच वर्षांची मुदत आहे.