पानगळीचे रंग आणि चित्रकाराची पेटी

शरद ऋतु म्हटला म्हणजे मराठी मनापुढें निरभ्र आकाश, नदीकांठचें पांढऱ्या तुऱ्यांचें गवत आणि कोजागरीचें चांदणें उभें राहतें. पानें गळण्याशीं आपल्या शरदाचा संबंध नाहीं. तें काम शिशिराचें. उत्तरेकडील थंड देशांत मात्र याच सुमारास सारें रान रंग बदलतें आणि थोड्याच आठवड्यांत उघडें पडतें. या रंगांमागें रानोमाळ धांवणाऱ्या चित्रकाराची पेटी एवढीशी कां असते, हें समजून घेण्यास कॅनडांतील आँटेरिओ प्रांताइतकें चांगलें उदाहरण क्वचितच सांपडेल.

पानाचा हिरवेपणा हरितद्रव्याचा असतो. दिवस लहान होऊं लागले कीं झाड तें द्रव्य मोडतें आणि त्यांतील नत्र फांद्यांत व खोडांत परत ओढून घेतें. पिवळा रंग पानांत आधींपासूनच असतो. वरचा हिरवा पडदा सरला कीं तो दिसूं लागतो. लाल रंगाची गोष्ट निराळी. मॅपलसारख्या झाडांत तो त्याच वेळीं नव्यानें तयार होतो, आणि दिवसा स्वच्छ ऊन व रात्रीं बेताची थंडी असली तर विशेष खुलतो. म्हणून दोन वर्षांची पानगळ सारखी नसते, आणि एका वादळी रात्रींत सारा थाट धुळीस मिळूं शकतो. उद्यां येऊन पाहूं, असें म्हणण्याची सोय चित्रकाराला नाहीं.

टॉम टॉमसन हा टोरोंटो शहरांत व्यापारी नक्षीकाम करणाऱ्या एका कंपनींत नोकरीस होता. १९१२ सालीं, पस्तिशीच्या उंबरठ्यावर असतांना, तो अल्गाँक्विन नांवाच्या राखीव अरण्यांत प्रथम गेला. पुढें वसंतापासून पानगळीपर्यंतचे त्याचे बहुतेक दिवस तेथेंच जाऊं लागले. मासेमारीस येणाऱ्या शहरी मंडळींचा वाटाड्या, वणव्यांवर नजर ठेवणारा पहारेकरी, अशीं कामेंही त्यानें केलीं. त्या प्रदेशांत तळीं असंख्य. एका तळ्यांतून दुसऱ्यांत जावयाचें तर मधल्या जमिनीवरून होडी डोक्यावर घेऊन चालावें लागतें. तंबू, शिधा, भांडीं हीं पाठीवर. एवढ्या ओझ्यांत मोठ्या कॅनव्हासला जागा कोठून असणार?

म्हणून त्याच्याजवळ असे ती लांकडी पेटी. ती मांडीवर उघडली कीं खालच्या भागांत रंग मिसळावे आणि उभ्या झांकणाला टेकवून फळी रंगवावी. फळी साडेआठ इंच उंच व साडेदहा इंच रुंद, म्हणजे एखाद्या शाळकरी पाटीएवढी. तैलरंग कित्येक दिवस ओला राहतो; तेव्हां रंगविलेल्या फळ्या एकमेकींना चिकटूं नयेत म्हणून पेटींत खांचा ठेवलेल्या. एवढ्या जागेंत पान न् पान काढणें शक्यच नव्हतें. रुंद कुंचल्याचे मोजके फटकारे, आणि त्यांच्या मधून डोकावणारा लांकडाचा मूळ तांबूस रंग. कित्येक फळ्यांत तो तसाच सोडलेला आहे आणि पानगळीच्या चित्रांत तो फार शोभतो. चालणाऱ्या माणसाच्या नजरेला वळणापाशीं जें एका क्षणांत भिडतें, तेवढेंच फळीवर उतरतें. हा तोटा समजण्याचें कारण नाहीं. पांच वर्षांत टॉमसननें अशा सुमारें ४०० फळ्या रंगविल्या. मोठीं चित्रें पन्नासांच्या आसपास.

१९१४ च्या पानगळींत ए. वाय. जॅक्सन, आर्थर लिस्मर व फ्रेड व्हार्ली हे स्नेही त्याच्याबरोबर त्याच अरण्यांत होते. युरोपांत महायुद्ध पेटून दोनच महिने झाले होते. तेथील ऑक्सटंग नदीच्या खळाळत्या पाण्यापुढें उभें असलेलें लाल पानांचें एक कोवळें झाड जॅक्सननें फळीवर टिपलें आणि शहरांत परतल्यावर त्यावरून ‘द रेड मॅपल’ हें मोठें चित्र केलें. पुढच्या वर्षीं तो सैन्यांत गेला. १९१६ सालीं जखमी झाला. खोलींत बसून मोठें करतांना चित्राला बांधेसूदपणा येतो, पण घाईचा जोम पुष्कळदां ओसरतो. टॉमसनच्या बाबतींत तरी लहान फळ्याच सरस, असें म्हणणाऱ्यांचा पक्ष दुबळा नाहीं. टोरोंटोच्या एका वृत्तपत्रीय टीकाकारानें मात्र १९१३ सालींच या नव्या धर्तीच्या चित्रांची ‘गरम लापशीचा संप्रदाय’ म्हणून टर उडविली होती!

१९१६ ची पानगळ टॉमसनची शेवटची ठरली. जुलै १९१७ मध्यें कनू तळ्यांत त्याचा अंत झाला, वय ३९. प्रेत आठ दिवसांनीं मिळालें. अपघातानें बुडाल्याचा निर्णय झाला, तरी त्याविषयींचे तर्क अद्याप थांबलेले नाहींत. त्याचा मित्र लॉरेन हॅरिस याचा भाऊ १९१८ च्या आरंभीं युद्धांत पडला. या दोन आघातांनीं खचलेल्या हॅरिसला लष्करांतून मोकळीक मिळाली, आणि त्याच वर्षाच्या पानगळींत तो जे. ई. एच. मॅकडोनल्ड प्रभृति सोबत्यांना घेऊन अल्गोमाच्या डोंगराळ रानांत शिरला. रेल्वे कंपनीनें त्यांना मालगाडीचा एक डबा राहण्याजोगा करून दिला होता: आंत शेगडी, झोंपण्याच्या फळ्या, खिडकी. डबा आडमार्गी रुळांवर सोडून गाडी निघून जाई. मंडळी पेट्या घेऊन पायीं, होडींतून किंवा रुळांवरच्या हातट्रॉलीवरून हिंडत, आणि सायंकाळीं शेगडीपाशीं एकमेकांच्या ओल्या फळ्यांवर वाद घालीत. १९२० सालीं ‘ग्रुप ऑफ सेव्हन’ म्हणून ज्या सात चित्रकारांनीं पहिलें प्रदर्शन भरविलें, त्यांत हे होतेच. टॉमसनचें नांव मात्र त्या सातांत येऊं शकलें नाहीं.

हीं चित्रें पाहून तें रान मनुष्याचा स्पर्श न झालेलें होतें, अशी समजूत होते. ती खरी नव्हे. अल्गाँक्विन हें नांवच तेथील मूळ रहिवाशांचें आहे. तेथें रेल्वे गेलेली होती, आणि पाइनची तोड तर कित्येक दशकें चाललेली. टॉमसननें तें झांकलें नाहीं. नदींतून वाहत येणारे ओंडके, ते सोडण्याचे लांकडी बांध आणि लाल-पिवळ्या टेंकड्यांखालून निघालेल्या ओंडकेवाल्यांच्या होड्या त्याच्या चित्रांत आहेत.