न वापरलेल्या विजेची किंमत

आपला माल अधिकाधिक खपावा म्हणून झटावे, हा व्यापाराचा सनातन नियम होय. कापडाचा व्यापारी गिऱ्हाइकाला ‘एक मीटर कमी घ्या’ असे कधी सांगत नाही. मिठाईवाला ‘आज पेढे थोडे कमीच न्या, त्याबद्दल दोन रुपये मीच देतो’ असे म्हणत नाही. कोणी तसे म्हणू लागला, तर त्याच्या शहाणपणाविषयी शेजारी शंका घेतील. परंतु जगात एक धंदा असा आहे की, ज्यात विक्रेता ग्राहकाला माल कमी घेण्यासाठी पदरचे पैसे देतो, आणि तरीही त्याला कोणी वेडा म्हणत नाही. तो धंदा वीजपुरवठ्याचा. कारखानदाराने जुनी मोटार काढून कमी वीज खाणारी मोटार बसवावी, दुकानदाराने दिवे बदलावेत, म्हणून अनेक देशांतील वीजकंपन्या रोख साहाय्य देतात. हे कसे घडते आणि का घडते, याचा थोडक्यात विचार करण्याचे आम्ही येथे योजिले आहे.

या प्रथेचा उगम प्रामुख्याने अमेरिकेत झाला. तेथील वीजकंपन्यांनी प्रारंभीची अनेक दशके विक्री वाढविण्यातच घालविली. वीज जितकी अधिक निर्माण करावी तितकी ती स्वस्त पडे, आणि जितकी स्वस्त पडे तितकी अधिक खपे. हे चक्र सुखाने फिरत असता, 1973 च्या ऑक्टोबरात अरब राष्ट्रांनी अमेरिकेकडे जाणारे तेल रोखले आणि काही महिन्यांतच खनिज तेलाचा भाव सुमारे चौपट झाला. इंधन महागले, नवी वीजकेंद्रे उभारणेही खर्चाचे होऊन बसले. 1974 साली कॅलिफोर्निया राज्याने कायदा करून ऊर्जा आयोग स्थापन केला. मूलकणांचे संशोधन करणारे शास्त्रज्ञ आर्थर रोझेनफेल्ड याच सुमारास आपला विषय बाजूस ठेवून दिवे, इमारती व शीतकपाटे यांच्या कार्यक्षमतेकडे वळले. पुढे अमोरी लोव्हिन्स या विचारवंताने ‘नेगावॉट’ हा शब्द रूढ केला. मेगावॉट म्हणजे दहा लाख वॉट. आणि जितक्या विजेची गरजच उरली नाही, ती नेगावॉट. वाचविलेली वीज ही निर्माण केलेल्या विजेइतकीच खरी आहे, हा त्यातील आशय.

आता प्रश्न असा की, वाचविलेल्या विजेला विक्रेत्याने किंमत का द्यावी? याचे उत्तर विजेच्या स्वभावात आहे. तांदूळ कोठारात भरून ठेवता येतो. वीज मोठ्या प्रमाणावर साठवून ठेवणे मात्र अद्यापही खर्चाचे काम आहे. म्हणून ज्या क्षणी मागणी होते, त्याच क्षणी ती निर्माण व्हावी लागते. संध्याकाळी घरोघरी दिवे लागतात, उन्हाळ्यात वातानुकूलन यंत्रे सुरू होतात, आणि मागणी शिखरास पोहोचते. देवळाचा मंडप जसा वर्षातून एकदा भरणाऱ्या जत्रेच्या मानाने बांधावा लागतो व एरवी तो बहुतांशी रिकामा असतो, तद्वतच वीजकेंद्रे, वाहिन्या आणि रोहित्रे ही त्या शिखराच्या मानाने उभारावी लागतात. त्या वेळी लागणारी शेवटची वीज सर्वांत महाग पडते. ती लागूच नये म्हणून ग्राहकाला थोडे पैसे दिले, तर तो व्यवहार नव्या केंद्रापेक्षा स्वस्त ठरू शकतो.

एक काल्पनिक हिशेब मांडून पाहू. मच्छीमारांना बर्फ पुरविणारा एक कारखाना आहे असे समजा. त्यातील जुन्या मोटारीची कार्यक्षमता शेकडा 88, आणि तेच काम करणाऱ्या नव्या मोटारीची शेकडा 94 आहे. यंत्राला 30 किलोवॉट शक्ती हवी असेल, तर जुनी मोटार सुमारे 34 किलोवॉट आणि नवी सुमारे 32 किलोवॉट वीज घेईल. फरक दिसायला किरकोळ. परंतु मोटार वर्षात 6,000 तास चालली, तर सुमारे 13,000 युनिट वाचतात. युनिटला 6 रुपये दर धरला, तर वर्षाला 78,000 रुपये झाले. नवी मोटार दीड लाखाची मानली, तर ती रक्कम सुमारे दोन वर्षांत वसूल होते. वीजकंपनीने त्यात 50,000 रुपयांचे साहाय्य दिले, तर वसुलीला सव्वा वर्ष पुरते. आता कंपनीची बाजू पाहा. ती मोटार दहा वर्षे चालली, तर 1,30,000 युनिट वाचतील. म्हणजे वाचलेला प्रत्येक युनिट कंपनीला चाळीस पैशांहूनही कमी खर्चात मिळाला. इतक्या स्वस्तात वीज निर्माण करणारे केंद्र शोधूनही सापडणे कठीण.

येथे चतुर विद्यार्थी विचारील, ‘कारखानदाराचा एवढा फायदा आहे, तर तो आपण होऊनच मोटार का बदलीत नाही?’ शंका रास्त आहे. परंतु हातात दीड लाख रुपये एकदम असणे ही एक गोष्ट, आणि दोन वर्षांनी ते परत मिळणे ही दुसरी. छोट्या धंदेवाल्याला भांडवल मालात गुंतवावे लागते. कोणती मोटार चांगली हे सांगणारा जाणकार त्याच्याजवळ नसतो. आणि जागा भाड्याची असेल, तर मालक म्हणतो बिल भाडेकरू भरतो, भाडेकरू म्हणतो यंत्र मालकाचे. म्हणून चांगल्या योजनेत नुसते पैसे नसतात. प्रथम तज्ज्ञ येऊन विजेचा हिशेब तपासतो, नंतर उपाय सुचवितो, आणि कित्येक ठिकाणी मिळालेले कर्ज मासिक बिलातून हप्त्यांनी फेडता येते.

याहून कठीण प्रश्न कंपनीचा आहे. वीज कमी खपली, की तिचे उत्पन्नही घटते. इंधनाचा खर्च वाचला, तरी तारा, खांब आणि कर्मचाऱ्यांचे पगार यांचा खर्च तसाच राहतो. मग आपल्याच पायावर धोंडा कोण पाडून घेईल? या अडचणीवर कॅलिफोर्नियाने 1982 साली एक तोड काढली. कंपनीला किती उत्पन्न मिळणे न्याय्य आहे, हे नियामक आयोगाने आधी ठरवावे. विक्री कमी झाल्याने तूट आली तर पुढील दरात ती भरून द्यावी, आणि विक्री वाढून अधिक पैसे आले तर ते ग्राहकांना परत करावेत. अशा रीतीने विक्री आणि उत्पन्न यांची गाठ सोडविली, म्हणजे काटकसरीची भीती उरत नाही.

व्हर्मॉन्ट या लहानशा राज्याने निराळा मार्ग धरला. वीज विकणाऱ्यानेच ती वाचविण्यास सांगावे हे अवघड, म्हणून तेथे 2000 साली वीज वाचविण्यापुरतीच एक स्वतंत्र संस्था कामास लागली. प्रत्येक ग्राहकाच्या बिलावरील एका लहान आकारातून तिचा खर्च चालतो. व्हर्मॉन्ट हे दुग्धव्यवसायाचे राज्य आहे. नुकतेच काढलेले दूध गाईच्या अंगाइतके उष्ण असते, आणि ते नासू नये म्हणून त्वरेने थंड करावे लागते. विहिरीच्या गार पाण्याची पन्हळ दुधाच्या पन्हळीशेजारून पातळ पत्र्यांमधून खेळविली, की शीतयंत्राचे निम्मेअधिक काम पाणीच करते, आणि कोमट झालेले ते पाणी गुरांना पाजता येते. अशा साध्या उपकरणांनाही तेथे साहाय्य मिळते.

मात्र या प्रथेचे नुसते गुणगान करणे योग्य होणार नाही. साहाय्याचा पैसा अखेर सर्व ग्राहकांच्या बिलातूनच येतो; म्हणून ज्याने योजनेचा लाभ घेतला नाही, तोही तिचा भार वाहतो. शिवाय ज्याने मोटार बदलण्याचे आधीच ठरविले होते, तोही रांगेत उभा राहून साहाय्य घेऊन जातो. तेथे नवे असे काहीच वाचलेले नसते. आणि जी वीज वापरलीच गेली नाही, ती मोजायची कशी? मीटर झालेला खर्च दाखवितो, टळलेला दाखवीत नाही. म्हणून आधीचा आणि नंतरचा वापर, कामाचे तास, उत्पादन यांची त्रयस्थाकडून पडताळणी करावी लागते. जेथे ही पडताळणी ढिली, तेथे बचत केवळ कागदावर राहते.

आपल्या देशात 2001 साली ऊर्जा संवर्धन कायदा झाला, आणि 2002 साली ऊर्जा कार्यक्षमता विभागाची स्थापना झाली. शीतकपाटावर दिसणारे तारे त्याच विभागाचे. 2012 पासून मोठ्या कारखान्यांना बचतीची उद्दिष्टे नेमून देण्यात आली, आणि अधिक बचत करणाऱ्यास विकता येतील अशी प्रमाणपत्रे मिळू लागली. वीजकंपनीने धंद्यांना दिलेल्या सवलतीचे जवळचे उदाहरण महाराष्ट्रात सापडते. मोटारींच्या चुंबकशक्तीपायी तारांतून काही प्रवाह नुसताच हेलपाटे घालतो. त्याने काम होत नाही, तारा मात्र तापतात. कारखान्यात कॅपॅसिटर बसविला, की हे हेलपाटे तेथल्या तेथे थांबतात. तसे करणाऱ्या उच्चदाबाच्या ग्राहकांना महाराष्ट्रात अनेक वर्षे बिलात सूट मिळे, आणि न करणाऱ्यास दंड होई. 2020 पासून तेथे आकारणीच अशी झाली की, हेलपाट्यांचा भारही मोजमापात येतो.

आता आमच्या गोव्याकडे वळू. येथे मोठे वीजकेंद्र नाही. बहुतेक सर्व वीज बाहेरून येते. वीज खाते सरकारचे, आणि दर ठरविणारा संयुक्त वीज नियामक आयोग गोवा व केंद्रशासित प्रदेश यांच्यासाठी एकच आहे. बाहेरून येणाऱ्या विजेला वाट लागते, आणि ती वाट सह्याद्रीतून जाते. कर्नाटकातून येणारी 400 किलोव्होल्टची नवी वाहिनी मोलेच्या अरण्यातून नेण्यावरून 2020 साली गोव्यात मोठा वाद झाला. तरुण मंडळी, विद्यार्थी, शास्त्रज्ञ झाडांसाठी पुढे आले. 2022 साली सर्वोच्च न्यायालयाने जुन्या वाहिनीच्याच मार्गाचा उपयोग करण्याची तज्ज्ञ समितीची शिफारस मान्य केली. केवळ काटकसरीने त्या वाहिनीची गरजच टळली असती, असे आम्ही म्हणत नाही. वाढत्या वस्तीला व उद्योगांना वीज हवीच. परंतु वीज आणावी की अरण्य राखावे, असा पेच जेथे पडतो, तेथे ‘आहे त्या विजेत किती भागते?’ हा तिसरा प्रश्न आधी विचारला जावा, इतके मात्र आमचे आग्रहाचे सांगणे आहे. बर्फाच्या एका कारखान्यातील एक मोटार अरण्य वाचवीत नाही. तशा शेकडो मोटारी, पंप आणि शीतगृहे मिळून वाहिनीवरचा भार हलका करू शकतात.

विद्यार्थिमित्रहो, या विषयाचा पहिला धडा पुस्तकात नसून तुमच्या घरच्या वीजबिलात आहे. वडिलांचे दुकान, काकांची गिरणी, मामांचे उपाहारगृह यांची गेल्या बारा महिन्यांची बिले मागून घ्या. महिन्याला किती युनिट लागले, कोणत्या महिन्यात का वाढले, कोणते यंत्र सर्वांत अधिक तास चालते, याची वहीत नोंद करा. मग वरील मोटारीसारखा हिशेब स्वतः मांडून वडील मंडळींना दाखवा. साहाय्याची योजना उद्या गावात आली, तर तिचा लाभ ज्याच्यापाशी असा हिशेब तयार असेल त्यालाच प्रथम घेता येईल. आणि योजना आली नाही, तरी ती मागण्यासाठी लागणारा आधार त्याच वहीत सापडेल.