इंडक्शन शेगडी : भीती कशाची, काळजी कशाची?

आमच्या बेळगाव-निपाणी भागात इंडक्शन शेगडीचा विषय निघाला की दोन प्रश्न हमखास येतात. "त्यातून रेडिएशन येतं म्हणे, खरं का?" आणि "शॉक बसला तर?" मी सॉफ्टवेअरवाला असलो तरी बीई केलंय म्हणून नातेवाईक हे प्रश्न माझ्याकडेच पाठवतात. आमच्या घरी तर प्रश्न आणखी नेमका होता. निपाणीला राहणाऱ्या आईला पेसमेकर बसवलेला आहे. तिने या शेगडीवर स्वयंपाक करावा का?

आधी रेडिएशनचं बघू. काचेखाली तांब्याच्या तारेचं वेटोळं असतं. त्यातून सेकंदाला वीस हजारांहून जास्त वेळा दिशा बदलणारा प्रवाह जातो आणि त्यामुळे चुंबकीय क्षेत्र तयार होतं. ते भांड्याच्या बुडात वीज खेळवतं आणि बूड तापतं. हे क्षेत्र एक्स-रेसारखं पेशी फोडणारं नसतं, आणि अंतर वाढलं की झपाट्याने कमी होतं. आंतरराष्ट्रीय मानकानुसार ते शेगडीपासून ३० सेंटिमीटरवर मोजतात. भांडं बुडाने सपाट, वर्तुळाएवढं आणि मधोमध असेल तर क्षेत्र फारसं बाहेर पसरत नाही. लहान भांडं कडेला सरकवून ठेवलं तर मात्र जास्त पसरतं. निरोगी माणसाने एवढं पाळलं तरी पुरे.

पेसमेकरची गोष्ट वेगळी. ब्रिटिश हार्ट फाउंडेशन अशा रुग्णांना चालू शेगडी आणि पेसमेकर यांच्यात निदान ६० सेंटिमीटर, म्हणजे दोन फूट अंतर ठेवायला सांगतं. २००६ साली 'युरोपेस' या हृदयरोगाच्या नियतकालिकात आलेल्या अभ्यासात धोका कधी असतो ते सांगितलंय : पेसमेकर युनिपोलर प्रकारचा आणि डाव्या बाजूला असेल, माणूस शेगडीला चिकटून उभा असेल आणि भांडं मधोमध नसेल तेव्हा. अशा पेसमेकरवाल्याने भांडं बराच वेळ धरून ठेवणंही बरं नाही.

आम्ही ओट्याशी टेप लावून मोजलं. आमटी ढवळताना आईच्या छातीपासून शेगडीपर्यंत जेमतेम दीड फूट भरलं. डॉक्टरांना पेसमेकरचं कार्ड दाखवलं, त्यांनीही दोन फुटांचंच सांगितलं. रोज हात लांब करून कोण स्वयंपाक करणार? आणि "माझं स्वयंपाकघर माझ्याकडून काढून घेऊ नका" एवढंच आईचं म्हणणं होतं. म्हणून तिचा गॅस तसाच राहिला. इंडक्शन ओट्याच्या दुसऱ्या टोकाला ठेवलं; चहा-दूध तापवायला बाबा वापरतात. ते चालू असेल तेव्हा आई त्या टोकाला जात नाही. पेसमेकर असलेल्या प्रत्येकाने आपल्या डॉक्टरांनाच विचारावं, कारण यंत्रं वेगवेगळी असतात.

आता ज्याची भीती कमी आणि काळजी जास्त हवी ते सांगतो : वायरिंग. २००० वॉटची शेगडी २३० व्होल्टवर साधारण ८.७ अँपिअर ओढते. मिक्सरचा छोटा प्लग ६ अँपिअरचा असतो. त्यात अडॅप्टर घालून किंवा एक्स्टेंशन बोर्डावर शेगडी चालवली तर प्लग तापतो, वितळतो, कधी पेटतोही. त्यामुळे १६ अँपिअरचा स्वतंत्र पॉइंट, जाड वायर आणि स्वतःचा एमसीबी हवा. हेस्कॉमच्या बिलावर मंजूर भार किलोवॉटमध्ये छापलेला असतो, तोही एकदा बघून घ्या.

शॉकचं उत्तर अर्थिंगमध्ये आहे. जुन्या घरांत तीन पिनांचा सॉकेट दिसतो, पण तिसऱ्या भोकामागे तार असेलच असं नाही. इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडतो, त्यात अधूनमधून पाणी ओता. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवला तर गळती होताच वीज तुटते. जीव वाचवणारी वस्तू आहे ती.

दुकानात जाताना खिशात छोटं चुंबक ठेवा. भांड्याच्या बुडाला घट्ट चिकटलं तर ते चालेल. बेळगावात अ‍ॅल्युमिनाचा मोठा कारखाना आहे आणि उद्यमबागेत बिडाच्या फाउंड्र्या आहेत. इंडक्शनला मात्र बीडच आवडतं! अ‍ॅल्युमिनियम, हिंडालियम, तांबं, पितळ चालत नाही. शेगडीवर आयएसआय मार्क बघा, खालच्या पंख्याला हवा मिळेल इतकी जागा सोडा, आणि स्वयंपाक झाल्यावर पंखा थांबेपर्यंत प्लग काढू नका. रिकामं भांडं तापवू नका. तेल गॅसपेक्षा फार लवकर तापतं, तेव्हा फोडणी कमी आचेवरच. काचेला तडा गेला तर शेगडी तिथेच बंद करा, कारण उतू गेलेलं दूध आत विजेपर्यंत पोचतं.

गॅस पूर्ण काढून टाकायची घाई नको. पावसाळ्यात वीज गेली की चूल गॅसचीच, आणि फुगलेली ज्वारीची भाकरी जाळावरच होते. शेगडी कितीही चांगली घ्या, पण तिच्या आधी इलेक्ट्रिशियनला घरी बोलवा.