कमावतो जिराफ, जगते माळकोंबडी

टेक्सासचा उन्हाळा सप्टेंबर संपेपर्यंत हटत नाही. त्यामुळे ऑक्टोबरात पहाटे जरा गारवा जाणवला, की डॅलस-फोर्ट वर्थकडची कुटुंबं सुट्टीच्या दिवशी घरात थांबत नाहीत. एका शनिवारी स्टेट फेअर, तिथला ५५ फुटी ‘बिग टेक्स’ आणि तळणीच्या पदार्थांसमोरच्या रांगा. पुढच्या शनिवारी डॅलस आर्बोरेटममधले भोपळ्यांचे ढीग. मराठी घरांत दसरा, कोजागिरी आणि दिवाळीच्या फराळाची धांदलही याच दिवसांतली. तरी एखादा रविवार ग्लेन रोझसाठी राखलेला असतो. डॅलसहून नैर्ऋत्येला दीडेक तासावर हे छोटं गाव. तिथल्या पॅलक्सी नदीच्या पात्रात डायनोसॉरच्या पावलांचे ठसे आहेत आणि जवळच चुनखडीच्या टेकड्यांवर ‘फॉसिल रिम वाइल्डलाइफ सेंटर’ आहे.

गेटवर तिकीट काढायचं, खुराकाची पिशवी घ्यायची आणि आपलीच गाडी हळूहळू आत न्यायची. पिशवीतला खुराक आपल्याकडच्या गोळी पेंडीसारखा दिसतो. गाडीतून उतरायचं नाही आणि खुराक जमिनीवर टाकायचा, हा नियम. जिराफाला तेवढा हातातून देता येतो. तो मान वाकवून खिडकीशी येतो, तेव्हा आधी दिसतात त्याच्या लांब पापण्या आणि मग हातभर, काळपट जांभळी जीभ. मागच्या सीटवरची मुलं किंचाळतात, आजी पदर सावरत पलीकडच्या दाराला टेकते, आणि जिराफ शांतपणे तळहात साफ करून पुढच्या गाडीकडे वळतो. झेब्रे रस्ता अडवून उभे असतात. चित्ते आणि गेंडे मात्र वेगळ्या कुंपणांत.

एवढं पाहून बहुतेक गाड्या परत फिरतात. या जागेची खरी गोष्ट मात्र खिडकीतून दिसत नाही.

१९७३मध्ये टॉम मँट्झेल या तेलव्यावसायिकाने हे रान विकत घेतलं ते स्वतःच्या हौसेसाठी. परदेशी जनावरं पाळणं हा टेक्सासातल्या पैसेवाल्यांचा जुना शौक. पुढे ऐंशीच्या दशकात तेलाचा धंदा बसला आणि खासगी रानाचा खर्च झेपेना, तेव्हा १९८४मध्ये लोकांसाठी फाटक उघडलं. १९८७मध्ये जिम जॅक्सन आणि क्रिस्टिन युर्झिकोव्स्की यांनी सूत्रं हाती घेतली आणि संवर्धनाचं काम मध्यवर्ती झालं. आज ही ना-नफा संस्था आहे. थोडक्यात, सहलीचं हे ठिकाण मुळात पैशाच्या अडचणीतून जन्मलं.

मुळात असा शौक टेक्सासातच का फोफावला, याचं उत्तर जमिनीत आणि कायद्यात आहे. या राज्यातली ९५ टक्क्यांहून अधिक जमीन खासगी मालकीची. तिथलं मूळचं पांढऱ्या शेपटीचं हरीण तुमच्या शेतात चरत असलं तरी ते जनतेचं. पण बाहेरून आणलेलं हरीण तुमच्या कुंपणात असेल, तर जवळपास गाईगुरांसारखं तुमच्या मालकीचं. ते विकता येतं, त्याची पैदास करता येते, आणि वर्षभरात केव्हाही त्याची शिकारही करता येते. आठ फुटी जाळीचं कुंपण घातलं, की डोंगराळ, खडकाळ जमिनीतूनही उत्पन्न निघतं.

या कुंपणांच्या आत आपल्याकडची मंडळी बरीच आहेत. चितळ आणि काळवीट १९३०च्या दशकात टेक्सासात सुटले. नीलगाय, म्हणजे विदर्भातला रोही, त्याच सुमारास दक्षिणेच्या किंग रँचवर आली; आज ती तिथे मोकाट वाढली आहे आणि तिचं मांस हॉटेलांच्या मेन्यूवर असतं. मुंबई-पुण्याहून आलेले आजोबा फॉसिल रिमला काळवीट बघून चकित होतात. रेहेकुरीला किंवा नान्नजला ज्याला दुर्बिणीतून पाहिलं, ते इथे गाडीच्या चाकाशी पेंड हुंगत असतं. पाकिस्तानातून काळवीट नाहीसं झालं, तेव्हा १९७०च्या सुमारास तिथल्या लाल सुहांरा उद्यानात ते पुन्हा आणलं गेलं टेक्सासातून.

कुंपणात तगून राहिलेल्यांचं सर्वांत मोठं उदाहरण सिमिटार ऑरिक्सचं. पांढुरकं अंग, तांबूस मान आणि तलवारीसारखी मागे वळलेली, मीटरभर लांबीची शिंगं. हा सहाराच्या कडेचा प्राणी. उन्हात अंगाचं तापमान ४६ अंशांपर्यंत चढू देतो, पण घाम गाळून पाणी दवडत नाही. दुष्काळाशी त्याचं जमलं. जीपमधून चालवलेल्या रायफलींशी जमलं नाही. २०००मध्ये तो निसर्गातून नामशेष झाल्याचं जाहीर झालं. त्याच वेळी टेक्सासच्या रँचांवर त्याचे हजारोंचे कळप चरत होते, कारण त्याच्या शिंगांसाठी हजारो डॉलर मोजणारे शिकारी होते.

हे पचायला जड आहे, आणि अमेरिकेतही पचलेलं नाही. २०१२मध्ये सरकारने ऑरिक्स, अ‍ॅडॅक्स आणि डामा गॅझेल या आफ्रिकी हरणवर्गीय प्राण्यांच्या शिकारीसाठी परवाना सक्तीचा केला. प्राणिहक्कवाल्यांना हा विजय वाटला. रँचवाल्यांचं म्हणणं, शिकार अडली तर जनावराला भाव नाही, आणि भाव नसलेलं जनावर कोण पोसणार? २०१४मध्ये अमेरिकी संसदेने सूट परत दिली. दोन्ही बाजूंचं थोडं खरं आहे. कुंपणातला ऑरिक्स म्हणजे वन्यजीवन नव्हे. पण बियाणं शिल्लक असल्याशिवाय पेरणी होत नाही. जगभरच्या संग्रहांतून, त्यांत अमेरिकेतलेही आले, अबू धाबीने ऑरिक्स जमवले आणि २०१६पासून चाडमधल्या सुमारे ७८ हजार चौरस किलोमीटरच्या राखीव रानात सोडायला सुरुवात केली. तिथे पाडसं जन्मली, कळप वाढले. २०२३मध्ये त्याच्या नावापुढचा ‘निसर्गातून नामशेष’ हा शेरा पुसला गेला.

पण ज्याला शिंगं नाहीत, ज्याच्यासाठी शिकारी डॉलर मोजत नाही, त्याचं काय? फॉसिल रिमचं वेगळेपण इथे कळतं. पर्यटकांच्या वाटेपासून दूर, कुंपणांमागे, इथे अ‍ॅटवॉटर प्रेअरी चिकनची, म्हणजे माळकोंबडीची, पैदास चालते. हा टेक्सासच्या किनारी गवताळ माळाचा पक्षी. विणीच्या दिवसांत नर माळावर जमतात, मानेच्या नारिंगी पिशव्या फुगवतात, पाय आपटत नाचतात आणि घुमतात. एकेकाळी हे पक्षी दहा लाखांच्या घरात होते. माळ नांगरले गेले, त्यांवर शहरं बसली, आणि मूळ गवताचा शंभरावा हिस्साही उरला नाही. बाहेरून आलेल्या लाल मुंग्यांनी किडे फस्त केले, पिलांना खायला उरेना. फॉसिल रिमने १९९२मध्ये त्यांची पैदास हाती घेतली. इथे वाढलेले पक्षी किनाऱ्याकडच्या अभयारण्यांत सोडले जातात. २०१७च्या हार्वी वादळाच्या पुरात रानातले बहुतेक पक्षी वाहून गेले, आणि पुन्हा मोजक्या पक्ष्यांपासून सुरुवात करावी लागली. माळढोकाचं महाराष्ट्रात काय झालं आणि जैसलमेरकडे २०१९पासून त्याची पैदास का सुरू करावी लागली, हे ज्याला माहीत आहे, त्याला ही गोष्ट परकी वाटणार नाही.

टेक्सासचा हा पक्षी कोणाच्या फोटोत येत नाही. त्याला बघायला तिकीट काढून कोणी येत नाही. येतात ते जिराफासाठी, आणि गेटवरचा तो पैसा या संस्थेचा मोठा आधार आहे.

म्हणून खासगी प्राणिफार्म म्हटलं की सगळ्यांना एका पारड्यात तोलता येत नाही. ओहायोतल्या झेन्सव्हिलजवळ १८ ऑक्टोबर २०११ रोजी एका मालकाने पिंजरे उघडून स्वतःला गोळी घातली. वाघ, सिंह, अस्वलं रस्त्यावर आली आणि पोलिसांना बहुतेक जनावरं मारावी लागली. त्यांत १८ वाघ होते. हौस आणि पिंजरा यांपलीकडे तिथे काही नव्हतं. वाघाच्या बछड्यासोबत फोटो काढू देणारे धंदेही देशभर फोफावले होते. बछडं मोठं झालं की त्याचं काय होतं, हे गिऱ्हाईक विचारत नसे. अशा फोटोंवर आणि घरी वाघ-सिंह पाळण्यावर अमेरिकेने डिसेंबर २०२२मध्ये कायद्याने बंदी घातली.

सहलीला निघताना म्हणून दोन गोष्टी विचारून घ्याव्यात: इथली पैदास कोणत्या नियोजित कार्यक्रमात मोडते, आणि इथलं जनावर कधी रानात परत जातं का. उत्तर म्हणून नुसता बछड्याचा फोटो दाखवला तर गाडी वळवावी. ठोस उत्तर मिळालं, तर पेंडीची एक पिशवी जास्त घ्यावी. जिराफाला ती लागेलच असं नाही, पण माळकोंबडीला तुमचे पैसे लागतील.