पंखा गुणगुणतो, पण फिरत नाही!



मे महिन्यातली दुपार. एका गावात ब्रॉयलर कोंबड्यांच्या शेडवर गेलो होतो. चारपैकी दोन पंखे बंद. मालक म्हणाले, "साहेब, मोटारी जळाल्या. तालुक्याला वाइंडिंगला टाकल्यात, तीन दिवस लागतील म्हणे." दुसऱ्या दिवशी दुपारी चारपर्यंत पावणेदोनशे पक्षी दगावले. पुढे कळलं, वाइंडिंग शाबूत होतं. दोन्ही पंख्यांचे कंडेन्सर तेवढे गेले होते. काही रुपयांच्या वस्तूपायी हातातोंडाशी आलेला माल गेला.

कोंबडीला घामग्रंथी नसतात. ती चोच उघडून धापा टाकते, तोच तिचा मुख्य उपाय. संकरित गाईलाही ऊन सोसत नाही. ती चारा कमी खाते आणि दूध घटतं. म्हणून शेडमधला, गोठ्यातला पंखा ही आता चैन राहिलेली नाही. त्याची दुखणी तुम्हाला ओळखता आली पाहिजेत.

पहिली गोष्ट पहिली

पंख्याला हात लावण्याआधी मेन स्विच बंद करा. नुसतं पंख्याचं बटण बंद करून भागत नाही. पुष्कळ ठिकाणी बटण न्यूट्रलवर बसवलेलं असतं आणि पंख्यात करंट तसाच राहतो. टेस्टर लावून खात्री करा. पायात कोरडी चप्पल असावी, हात ओले नसावेत.

आवाज येतो, फिरत नाही

मेन बंद ठेवून पाती हाताने फिरवा. पाती जड फिरली किंवा अडली, तर बेअरिंग अगर बुश जाम आहे. हलकी फिरली, तर संशय कंडेन्सरवर घ्या. खात्री करायची सोपी रीत अशी : छताचा पंखा हाताने फिरता करा, बाजूला व्हा आणि दुसऱ्याला मेन चालू करायला सांगा. धक्का दिल्यावर पंखा वेग धरत असेल, तर कंडेन्सर गेला समजा, नाहीतर व्होल्टेज फार कमी आहे. जाळीच्या पंख्यात मात्र बोट किंवा काडी घालू नका.

कंडेन्सर बदलताना जुन्यावरचा आकडा वाचून तेवढाच घ्या. छताच्या पंख्याला बहुधा २.५ मायक्रोफॅरडचा असतो. 'मोठा टाकला की पंखा जोरात पळतो' असं कोणी सांगेल, ऐकू नका. त्याने वाइंडिंग तापतं. जुना काढण्याआधी त्याच्या दोन तारा मुठीला प्लास्टिक असलेल्या स्क्रू ड्रायव्हरने एकमेकींना टेकवा, म्हणजे साठलेला करंट निघून जाईल. नवीन बीएलडीसी पंख्यात असा कंडेन्सर नसतो, आत सर्किट असतं. तो मेकॅनिककडेच न्यावा.

पंखा मंद फिरतो

आधी पाती पुसा. भुशाची धूळ आणि पिसं यांचा थर बसला की वारा बराच कमी होतो. मोटारीच्या झरोक्यांतली धूळही ब्रशने काढा, नाहीतर मोटार तापते. मग मीटरने व्होल्टेज बघा. २३० च्या जागी १६० मिळत असेल, तर मोटारीची ताकद जवळपास निम्म्यावर येते. दिवा लख्ख लागलाय यावर जाऊ नका. एलईडी दिवा कमी व्होल्टेजवरही लागतो. दोन्ही ठीक असतील, तर कंडेन्सर अशक्त झालेला असतो.

खडखड, हेलकावे, उलटा वारा

पात्यांचे स्क्रू आवळा. एखादं पातं वाकलं असेल, तर ते एकटं न बदलता सगळा जोड बदला. हुकाचा बोल्ट, रबर आणि खिळपिन दर हंगामाला तपासा. बुश असलेल्या टेबल पंख्याला मशीन ऑइलचे दोन-चार थेंब पुरतात. छताच्या पंख्याला बेअरिंग असतं. ते वाजू लागलं की बदलावं, वरून तेल ओतू नये.

थ्री फेजचा मोठा पंखा दुरुस्तीनंतर उलटा फिरू लागला, तर मेन बंद करून कोणत्याही दोन फेज अदलाबदल करा. एक फेज गेली की अशी मोटार घुमते आणि जळते. त्यासाठी सिंगल फेज प्रिव्हेंटर बसवाच. पट्ट्यावर चालणाऱ्या पंख्याचा पट्टा सैल आहे का, तेही बघा.

करंट लागला तर?

हा विषय जिवाचा आहे. गोठ्याची जमीन ओली, खांब लोखंडी आणि जनावराचे चारही पाय जमिनीवर. माणसाला झिणझिण्या आणणारा करंट जनावराचा जीव घेऊ शकतो. गाय एकाएकी दाव्यापासून दूर ओढू लागली, पाणी प्यायला बिचकू लागली, तर आधी वायरिंग तपासा. मुतातल्या अमोनियाने तारांचे जोड हिरवे पडतात, उंदीर वायर कुरतडतात. पंख्याची बॉडी अर्थिंगला जोडलेली हवी. न्यूट्रललाच अर्थिंग समजून जोडणं हा जिवाशी खेळ आहे. अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळ्यात पाणी घालत जा. ३० मिलीअँपिअरचं ईएलसीबी बसवा आणि महिन्यातून एकदा त्याचं टेस्ट बटण दाबून बघा. फ्यूजमध्ये जाड तार घालू नका. कूलरमध्ये पाणी भरताना प्लग काढलेलाच हवा.

वाइंडिंग, अर्थिंग आणि खांबावरचं काम परवानाधारक वायरमनचंच. खांबावर चढून आकडा सरळ करण्याचं धाडस करू नका.

वीज गेली, तर

एक जादा कंडेन्सर आणि एक बेअरिंग घरात ठेवा. पडदे वर करा, छतावर पाणी मारा, वाऱ्याच्या बाजूला ओली गोणपाटं लावा, पण कोंदट होऊ देऊ नका. कोंबड्यांना भर दुपारी खाद्य देऊ नका, थंड पाणी मात्र सतत हवं.

सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनाही एक विनंती. व्होल्टेजची तक्रार एकेकट्याने तोंडी करण्यापेक्षा फीडरवरच्या सगळ्यांच्या सह्यांचा लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. अंगणवाडी आणि शाळेतले पंखे, त्यांचं अर्थिंग मार्चमध्येच तपासून घ्या.

विहिरीचा गाळ आपण उन्हाळ्यातच काढतो, पाऊस लागल्यावर नाही. पंख्याचंही तसंच आहे. होळी झाली की एक सकाळ काढा आणि प्रत्येक पंखा उतरवून बघा.