न जुळणाऱ्या भागांची मोटार

परदेशातून सुट्टीला आलेले मामा किंवा आत्या घरातील मुलांसाठी ज्या भेटी आणतात, त्यांत सुट्या भागांची प्लॅस्टिकची मोटार हा प्रकार आता पुष्कळ मराठी घरांच्या परिचयाचा झाला आहे. खोक्यावर झळझळीत चित्र, आत करड्या चौकटींना लगडलेले शे-सव्वाशे बारीक भाग आणि सोबत जोडणीचा तक्ता. पहिल्या दिवशी उत्साह दांडगा असतो. दुसऱ्या दिवशी सांगाडा आणि वरचे कवच यांच्यामध्ये फट दिसू लागते. तिसऱ्या दिवशी चार चाकांपैकी एक चाक टेबलाला टेकत नाही असे ध्यानात येते. चौथ्या दिवशी खोका कपाटाच्या माथ्यावर जातो आणि आपल्या हातात कसबच नाही, असा निकाल मुलगा स्वतःविरुद्ध देऊन मोकळा होतो.

हा निकाल बहुधा अन्यायाचा असतो. वरवर पोरखेळ वाटणाऱ्या या छंदाविषयी विस्ताराने लिहावे असे आम्हांस वाटले ते एवढ्याचसाठी. भाग जुळत नाहीत तेव्हा दोष हाताचा की साच्याचा, हे ओळखता येते. आणि साच्याचा असेल तर तो दूर करण्याचे उपाय साधे, स्वस्त व घरच्या घरी करण्याजोगे आहेत. त्यांना अट मात्र एक आहे. डिंक लावण्यापूर्वी ते करावे लागतात.

साच्याचे गुणदोष

प्लॅस्टिकच्या संचांचा प्रसार दुसऱ्या महायुद्धानंतरचा. निकोलस कोव्ह यांनी १९३९ साली लंडनमध्ये स्थापन केलेल्या एअरफिक्स कंपनीने १९४९ मध्ये फर्ग्युसन ट्रॅक्टरची लहानशी प्रतिकृती काढली. ती ट्रॅक्टरच्या विक्री-प्रतिनिधींसाठी होती आणि हातांनी जोडूनच दिली जात असे. पुढे जोडणीचा खर्च वाचावा म्हणून सुटे भागच विकण्याची कल्पना निघाली. १९५२ मध्ये 'गोल्डन हाइंड' या जहाजाचा संच वुलवर्थच्या दुकानांतून २ शिलिंगांना मिळू लागला आणि या छंदाने मूळ धरले. ज्या जोडणीपायी मुले आज घाम गाळतात, ती अशा रीतीने कारखानदाराने काटकसरीपोटी गिऱ्हाइकाकडे सोपवलेली आहे.

साचा म्हणजे काय हे मराठी घरात समजावून सांगावे लागत नाही. मोदकाचा साचा उघडला की दोन अर्धे जिथे मिटतात तिथे उकडीची बारीक कड राहते. गणपतीच्या मूर्तीवरची अशीच रेघ मूर्तिकार ओल्या हाताने पुसून टाकतो. प्लॅस्टिकचेही तेच. पॉलिस्टायरीनचे दाणे २०० अंश सेल्सियसच्या आसपास वितळवून तो रस पोलादी साच्यात मोठ्या दाबाने भरतात. रस थिजताना आकसतो. १०० मिलिमीटर लांबीमागे ही घट साधारण अर्ध्या मिलिमीटरची असते. साचा तेवढ्या हिशेबाने मोठाच कोरलेला असतो. तथापि जाड भाग सावकाश थंड होतो आणि पातळ भाग लवकर, त्यामुळे घट सर्वत्र सारखी होत नाही.

न जुळणाऱ्या संचातील बहुतेक दुखणी यातूनच उद्भवतात. जाड जागी पृष्ठभाग आत ओढला जाऊन खळगा पडतो. भाग पुरता थंड होण्याआधी साच्यातून काढला गेला तर तो पिळवटतो. साचा झिजला की त्याच्या कडांमधून रस पाझरून पातळ पापुद्रे उरतात. दोन अर्धे केसभर सरकलेले असतील तर सांध्यावर पायरी दिसते. भाग बाहेर ढकलणाऱ्या खिळ्यांचे वाटोळे ठसे राहतात ते निराळेच. कडेला पापुद्रा, अंगावर खळगा किंवा सांध्यावर पायरी दिसली, तर मुलाने खुशाल समजावे की खोका उघडण्यापूर्वीच हा दोष आत होता.

एका मिलिमीटरचे मोल

एवढ्याशा फटीचे काय, असे कोणी म्हणेल. तिचे उत्तर प्रमाणाच्या गणितात आहे. मोटारींचे संच बहुधा १/२४ किंवा १/२५ या प्रमाणात असतात. १/२४ मध्ये १ मिलिमीटरची फट म्हणजे खऱ्या गाडीवर २४ मिलिमीटरची, जवळजवळ एक इंचाची फट. अशी दारे असलेली गाडी रस्त्यावर दिसली तर ती अपघातातून आली असावी असे वाटेल. खऱ्या मोटारीच्या दाराभोवती ४-५ मिलिमीटर जागा असते. प्रतिकृतीवर ती अवघी ०.२ मिलिमीटर भरते.

हेच गणित दोष शोधायलाही उपयोगी पडते. उत्तरपाड्याच्या कारखान्यात १९५७ ते २०१४ पर्यंत तयार होत असलेली अँबॅसडर आपल्या सर्वांच्या ओळखीची. तिच्या पुढच्या व मागच्या चाकांच्या मध्यबिंदूंतील अंतर २,४६४ मिलिमीटर. १/२४ मध्ये ते १०२.७ मिलिमीटर यायला हवे. गाडी कोणतीही असो, तिची मापे मिळवावीत, भागाकार करावा आणि पट्टी लावावी. सांगाडा आखूड की कवच लांब, याचा निवाडा दोन मिनिटांत होतो आणि नेमके कोणाला घासायचे ते कळते. शाळेतील गुणोत्तर-प्रमाण ज्यांना नीरस वाटते अशा मुलांना ते येथे हाताला लागलेले दिसते.

कोरडी जुळणी

या कामातील सर्वांत महत्त्वाची पायरी ती, जिच्यात काहीच चिकटवायचे नसते. प्रथम सर्व भाग साबणाच्या कोमट पाण्याने धुऊन घ्यावेत. साच्यातून भाग सुटावा म्हणून लावलेल्या तेलाचा अंश त्यांच्यावर असू शकतो आणि त्यावर रंग धरत नाही. मग चौकटीपासून भाग पिरगाळून न तोडता धारदार पात्याने कापावेत. राहिलेला खुंट पॉलिश-कागदाने सपाट करावा. पुष्कळदा फट पडते ती एवढ्या खुंटानेच.

आता सांगाडा, बैठक, कवच असे मुख्य भाग चिकटपट्टी, रबरबँड आणि कपडे वाळत घालायचे चिमटे यांनी तात्पुरते बांधावेत. काचेच्या तुकड्यावर गाडी ठेवून चारही चाके टेकतात का पाहावे. एक चाक अधांतरी राहत असेल तर आसाला दोष देण्यापूर्वी नुसता सांगाडा काचेवर ठेवून तो पिळलेला आहे का याची खात्री करून घ्यावी. पिळलेला भाग कढत, परंतु न उकळणाऱ्या पाण्यात थोडा वेळ धरून सरळ करावा आणि त्याच स्थितीत थंड पाण्यात बुडवावा. हे काम वडीलधाऱ्यांनी करावे.

कवच सांगाड्यावर पुरते बसत नसेल तर अडते कोठे ते शोधायला पेन्सिलीचे शिसे पुरते. सांध्याच्या एका बाजूवर शिसे घासावे, भाग एकमेकांवर दाबून उचलावेत. दुसऱ्या बाजूवर जिथे काळा डाग उमटला तोच उंचवटा. तेवढाच घासावा आणि पुन्हा पाहावे. पुष्कळ मोटारींत आतील बैठकीचा खोका वाजवीपेक्षा उंच असतो व तोच कवचाला खाली उतरू देत नाही. बाहेरून कितीही दाबले तरी फट मिटत नाही. बैठकीचा तळ थोडा घासला की कवच आपोआप खाली बसते. फट दिसते एकीकडे आणि तिचे कारण असते दुसरीकडे, हा या छंदातील नित्याचा अनुभव आहे.

येथेच मुलांची घाई आडवी येते. फट दिसली की भाग जोराने दाबून धरावेत आणि भरपूर डिंक ओतावा, असा मोह होतो. या कामाचा द्रव वस्तुतः डिंक नव्हेच. तो प्लॅस्टिक विरघळवतो; दोन्ही कडा मऊ होऊन एकमेकींत मिसळतात आणि द्रव उडून गेला की दोहोंचा एकच भाग होतो. एकदा जोडलेला सांधा त्यामुळे न मोडता उघडता येत नाही. शिवाय जोराने वाकवून चिकटवलेला भाग आपला ताण पुढच्या सांध्याकडे ढकलतो. सांगाड्यातील अर्ध्या मिलिमीटरची चूक छपरापर्यंत पोहोचते ती अशी.

घासणे आणि भरणे

दोष सापडल्यावर उपाय दोनच: जास्त असेल तिथे घासणे आणि कमी असेल तिथे भरणे. सपाट कड घासायची तर पॉलिश-कागद काचेवर पसरून भाग त्यावर गोल फिरवावा. हातात धरून घासल्यास कड गोलावते. आधी ४०० क्रमांकाचा कागद, मग ६०० आणि शेवटी १०००, तोही पाण्यात भिजवून, म्हणजे धूळ नाकात जात नाही.

भरण्यासाठी सामान संचातच असते. रिकाम्या चौकटीची कांडी मेणबत्तीच्या ज्योतीपासून थोड्या अंतरावर फिरवीत धरली की मऊ होते. मग ज्योतीपासून दूर नेऊन तिची टोके हळूहळू ओढली तर हवा तितका बारीक दोरा निघतो. तो फटीत बसवून वर प्लॅस्टिक जोडणाऱ्या द्रवाचा थेंब सोडावा आणि वाळल्यावर घासावे. मूळ प्लॅस्टिकनेच फट भरल्यामुळे सांधा पुढे उकलत नाही. हा द्रव पेट घेणारा असतो. मेणबत्ती पेटवण्यापूर्वी त्याची बाटली दुसऱ्या खोलीत न्यावी आणि द्रव वापरताना खिडक्या उघड्या ठेवाव्यात, हे मुलांच्या मनावर पक्के बिंबवले पाहिजे.

खळगे आणि बारीक भेगा यांच्यासाठी लांबी वापरतात. सुताराची लांबी वाळताना बसते तशी हीही बसते. म्हणून एकदम जाड थर न देता पातळ थर द्यावेत आणि मध्ये एकेक दिवस जाऊ द्यावा. काचेच्या जागी येणाऱ्या पारदर्शक भागांना झटपट चिकटणारा डिंक कधीही लावू नये. त्याच्या वाफेने पारदर्शक प्लॅस्टिकवर पांढरी छटा चढते. तिथे फेव्हिकॉलसारखा पांढरा डिंकच बरा, तो वाळल्यावर दिसत नाही.

शेवटी सर्वांगावर करड्या रंगाचा पातळ हात द्यावा. बोटाला जे जाणवले नाही ते तो डोळ्यांना दाखवतो. एखादी रेघ उमटली तर पुन्हा घासावे आणि पुन्हा रंग द्यावा. दोन-तीन वेळा तरी हे करावे लागते, याची कल्पना मुलास आधीच द्यावी, म्हणजे त्यास ती शिक्षा वाटणार नाही.

नक्कल कोणाची करावी?

काही संच नीट जुळतात, परंतु मूळ वस्तूसारखे दिसत नाहीत. एअरफिक्सचे पहिले स्पिटफायर विमान १९५३ सालचे. ते खऱ्या विमानावरून न काढता एका अमेरिकी कंपनीच्या मोठ्या संचावरून लहान करून काढले होते. साहजिकच मूळ संचातील चुकाही बरोबर आल्या. याउलट जपानमधील शिझुओकाच्या तामिया कंपनीचे शुनसाकू तामिया यांनी १/१२ प्रमाणाचा पोर्शे मोटारीचा संच काढण्यासाठी एक खरी पोर्शे ९११ विकत घेतली आणि ती पार सुटी केली. तो संच १९७६ मध्ये निघाला. नकलेची नक्कल काढली की चुकीला वाटेत अडवणारे कोणी उरत नाही. म्हणून खोक्यावरील चित्रापेक्षा खऱ्या गाडीची छायाचित्रे आणि मापे जवळ ठेवावीत.

अर्थात प्रत्येक दोष सुधारलाच पाहिजे असे नाही. सर्व फट मिटणे शक्य नसेल तर जाणते लोक वरची बाजू तंतोतंत जुळवून घेतात आणि उरलेली चूक पोटाखाली, जिथे नजर जात नाही तिथे सरकवतात. कोणती चूक निस्तरायची आणि कोणती पोटात घालायची, हे ठरवणे हाही कारागिरीचाच भाग आहे.

वडीलधाऱ्यांना विनंती

दिवाळीत आमच्या बेळगावची, बडोद्याची, इंदूरची मुले मातीचे किल्ले करतात. बुरूज ढासळला तर माती पुन्हा कालवता येते, म्हणून तिथे कोणी निराश होत नाही. प्लॅस्टिक तितके क्षमाशील नाही; ते विचार आधी मागते. घरातील कर्त्या माणसांनी येथे दोन गोष्टी कराव्यात. मुलाच्या हातातून काम काढून घेऊन स्वतः पुरे करू नये, आणि 'जमत नसेल तर सोडून दे' असेही म्हणू नये. जवळ बसावे आणि विचारावे, "हे अडते आहे कोठे?" उत्तर शोधण्यास त्यास एक संध्याकाळ लागली तरी लागू द्यावी.

उत्तम साच्यातून आलेला संच दोन दिवसांत उभा राहतो आणि फडताळात शोभतो. वेडावाकडा संच महिना खातो. तो पुरा करणाऱ्या मुलाला पुढे सायकलची साखळी उतरली, दाराची बिजागरी कुरकुरू लागली किंवा गणिताचे उत्तर चुकले, तर एकदम स्वतःला बोल लावण्याआधी चूक कोणत्या पायरीवर शिरली ते पाहण्याची सवय जडलेली असते. ती सवय परदेशातील कोणत्याही दुकानात विकत मिळत नाही.