खडीच्या वाटेने स्पितीला : निघण्याआधीचा हिशेब

मोटारसायकलवरून हिमालयात जायचे म्हटले की घरची मंडळी आधी कपाळाला हात लावतात. त्यांचे काही चुकते असे आम्हांस वाटत नाही. काळजी करण्याजोगेच हे काम आहे. म्हणूनच येत्या सप्टेंबरात हिमाचलातील स्पिती खोऱ्यात जाण्याचा आमच्या गटाने जो आराखडा केला, तो येथे सविस्तर मांडत आहोत. आमच्या वस्त्यांतील बरीच तरुण मुलेमुली आता स्वतःच्या गाडीवर लांब जाऊ लागली आहेत. त्यांना आणि त्यांच्या आईवडिलांनाही याचा उपयोग व्हावा.

आम्ही एकूण आठजण, गाड्या सहा. तीन बुलेट, दोन दीडशे सीसीच्या, आणि एक जुनी शंभर सीसीची. ही शेवटची गाडी एका तरुण मित्राची. पहिल्याच बैठकीत वाद झाला तो तिच्यावरून. ‘ही गाडी घाट चढणार नाही, सगळ्यांना अडवील, त्याने मागे बसून यावे,’ असे दोघांचे म्हणणे. आम्हांला ते पटले नाही. खडीच्या रस्त्यावर तशीही कोणाची गाडी ताशी वीस-पंचवीसच्या पुढे सरासरी देत नाही. तेथे इंजिनाच्या ताकदीपेक्षा चालवणाऱ्याचा संयम कामाला येतो, आणि हलकी गाडी पडली तर एकट्याने उभी करता येते. उंचीवर हवा विरळ झाल्याने छोट्या इंजिनाचा दम लवकर सरतो हे मात्र खरे. तेव्हा त्या गाडीवर डबलसीट नाही, तिचे सामान इतरांनी वाटून घ्यायचे, आणि रोजचा पल्ला तिच्या वेगावर ठरवायचा, असे ठरले. गटात सर्वांत हळू चालणाऱ्याचा वेग तोच गटाचा वेग. हे ज्यांना जमत नाही त्यांनी एकट्याने जावे.

आता मार्ग. स्पितीला दोन बाजूंनी जाता येते. मनालीकडून गेले तर अंतर कमी. ३ ऑक्टोबर २०२० रोजी अटल बोगदा सुरू झाला, पण काझाला जाणारा रस्ता बोगद्यापलीकडून पुन्हा ग्रम्फूला येऊन मग वळतो, आणि सुमारे ४५५० मीटर उंचीचा कुंझुम घाट एकाच दिवसात अंगावर येतो. शरीराला सवय व्हायला वेळच मिळत नाही. सिमल्याकडून किन्नौरमार्गे गेले तर चढ हळूहळू चढतो. म्हणून आम्ही सिमल्याकडून चढून मनालीकडे उतरणार आहोत. चंडीगड ते चंडीगड हा फेरा हजार किलोमीटरच्या थोडा वर जातो.

मुक्काम असे : सिमला, रामपूर, कल्पा (सुमारे २९५० मीटर), मग नाकोला जेवून ताबो (सुमारे ३२८० मीटर) येथे दोन रात्री, नंतर काझा (सुमारे ३६५० मीटर) येथे दोन रात्री. नाको ताबोपेक्षा उंच आहे. दिवसा उंच जावे व रात्री खाली झोपावे, हा डोंगरातला जुना शहाणपणा येथे आपोआप साधतो. सतत डोके दुखणे, ओकाऱ्या, चालताना तोल जाणे ही लक्षणे दिसली तर ‘उद्या बरे वाटेल’ म्हणून थांबायचे नाही, खाली उतरायचे. डायमॉक्ससारख्या गोळ्या आपल्या डॉक्टरांना विचारूनच घ्याव्यात. दारू वर्ज्य. यावर बैठकीत चर्चाही होऊ दिली नाही.

ताबोला दोन रात्री कशाला, असे एकाने विचारले. तेथील विहार इ. स. ९९६ मध्ये स्थापन झालेला आहे. बाहेरून मातीच्या साध्या भिंती. आत मुख्य मंदिरात भिंतीला लागून मातीच्या मूर्ती आणि हजार वर्षांची चित्रे. १९७५ च्या भूकंपात विहाराचे नुकसान झाले, तरी तो उभा आहे. १९९६ मध्ये त्याची सहस्राब्दी साजरी झाली. आत अंधार असतो, फोटो काढू देत नाहीत, म्हणून सोबत विजेरी घ्यावी आणि सावकाश पाहावे. बौद्ध माणसाने तेथे जाऊन दहा मिनिटांत पुढे पळावे, हे आमच्या मनाला येत नाही.

काळ निवडताना सप्टेंबर घेतला त्याला कारण आहे. स्पितीत पाऊस फारसा नसतो, पण तेथे जाणाऱ्या किन्नौरच्या रस्त्यावर जुलै-ऑगस्टात दरडी कोसळतात. जुलै २०२३ मध्ये तर चंद्रतालपाशी अडीचशेहून अधिक प्रवासी बर्फात अडकले होते. ऑक्टोबरात कुंझुमवर बर्फाचा भरवसा नाही. कोणताही महिना धरला तरी हाताशी दोन दिवस मोकळे ठेवावेत आणि रजेचा अर्ज त्या हिशेबाने द्यावा. शेवटच्या दिवशी कचेरी गाठायची म्हणून रात्री गाडी हाणणारे आम्ही पाहिले आहेत.

खरी कसोटी काझा ते मनाली या सुमारे दोनशे किलोमीटरची. लोसर सोडले की खडी, दगडगोटे आणि रस्त्यावरून वाहणारे ओढे. हे ओढे बर्फ वितळून येतात. सकाळी पाणी घोट्याएवढे असते, तेच दुपारी गुडघ्यापर्यंत चढते. म्हणून उजाडताच निघायचे. ओढ्यात आधी पायी उतरून तळ पाहायचा, मग पहिल्या गिअरमध्ये न थांबता एकेकाने पार व्हायचे, बाकीच्यांनी काठावर उभे राहायचे. काझाच्या पंपावर टाक्या काठोकाठ भरायच्या. सपाटीवर लिटरला तीस देणारी बुलेट तेथे बावीस-तेवीस देईल असे धरले आहे. शिवाय गटाचे चार लिटर पेट्रोल पत्र्याच्या घट्ट डब्यात. पाण्याच्या प्लास्टिक बाटलीत मुळीच नाही.

चालण्याचे नियम थोडेच. पुढे एक, शेवटी एक, दोघेही ठरलेले. हत्यारे, ट्यूब, पंक्चरचे सामान, क्लचची केबल शेवटच्याकडे, कारण बंद पडलेली गाडी त्यालाच सापडते. धुळीमुळे दोन गाड्यांत भरपूर अंतर. फाटा आला की मागची गाडी दिसेपर्यंत थांबायचे. मोबाईलवर विसंबायचे नाही. खडीवर हँडल गच्च आवळू नये, पुढचा ब्रेक हलका, वळणाआधीच वेग कमी. यासाठी मुरबाडकडच्या कच्च्या रस्त्यावर दोन रविवार पूर्ण सामान लादून सराव ठेवला आहे. सरावाला न येणाऱ्याचे नाव यादीतून कमी होईल.

गाड्या मुंबईहून रेल्वेने जातील. पार्सल कचेरीत आर. सी. बुकाची व ओळखपत्राची प्रत लागते, टाकी पूर्ण रिकामी करावी लागते, गोणपाटाने बांधणी करून वर नाव व स्थानक ठळक लिहावे लागते. आरसे काढून पिशवीत घ्यावेत.

पैशाचे म्हणाल तर माणशी दरमहा दोन हजार, दहा महिने. कोणाला महिना जड गेला तर त्याने पुढच्या महिन्यात भरावे, त्याचे नाव बैठकीत वाचले जात नाही. जमलेल्या एक लाख साठ हजारांपैकी सोळा हजार आजारपण व मोडतोडीसाठी बाजूला. ते उरले तर परत वाटायचे. रोजकीर्द दररोज रात्री लिहायची आणि दोघांनी सही करायची. बारा रुपयांच्या चहावरून दोस्ती तुटलेली आम्हांला ठाऊक आहे.

प्रत्येकाच्या घरी एक कागद राहील : मुक्कामाची गावे, तारखा, सगळ्यांचे रक्तगट, विम्याचे क्रमांक, आणि काझाहून निघाल्यावर दीड दिवस फोन आला नाही तरी घाबरू नये ही सूचना. गटातील दोन भगिनी स्वतः गाडी चालवणार आहेत. त्यातील एकीच्या सासूबाईंनी हा कागद मागून घेतला आणि देव्हाऱ्यातल्या बुद्धमूर्तीजवळ नव्हे, तर स्वयंपाकघरातल्या भिंतीवर चिकटवला, रोज दिसावा म्हणून.

एक मुद्दा अजून सुटलेला नाही. चंद्रताल तलावापाशी एक रात्र काढावी असे पाचजणांना वाटते. उंची सव्वाचार हजार मीटरच्या आसपास, रात्री थंडी कडक. आमचे मत विरुद्ध आहे. काझाला दुसऱ्या रात्री आठहीजणांची तब्येत विचारून ठरवायचे, आणि एकानेही नको म्हटले तर थेट मनाली, इतके मात्र वहीत लिहून ठेवले आहे.